‘जोकर’: बघून आलेले आणि न बघितलेले
(सोसायटी ग्रुप, रविवार ६ ऑक्टोबर २०१९)

बी-४०२ वहिनी: ‘जोकर’ सिनेमाला मुलांना घेऊन जाणार असाल तर जाऊ नका. ‘ए’ सर्टिफिकेट आहे, आम्हाला गेटवरच अडवलं. धाकटा बॅटमॅनचा टी-शर्ट घालून आलेला, रडून नुसता गोंधळ.

सी-१०१ सेक्रेटरी: हा ग्रुप सोसायटीच्या कामांसाठी आहे. गरब्याचा स्पीकर आज दहाला बंद होईल, नोंद घ्यावी.

ए-२०३: वहिनी, अडवलं ते बरंच झालं. त्यात बॅटमॅन नाहीच, त्याच्या शत्रूची गोष्ट आहे. लहानगा ब्रूस, म्हणजे पुढचा बॅटमॅन, थोडा वेळ दिसतो तेवढंच. आणि एक कात्रीचा सीन आहे, मी मान खालीच घातली.

ए-१०४ काकू: ट्रेलर पाहिला गं. काय बरगड्या दिसतायत त्या हीरोच्या!

डी-६०२: वाकिन फीनिक्स. रोलसाठी ५२ पौंड उतरवलेत, म्हणजे साधारण २४ किलो.

ए-१०४ काकू: आमच्या ह्यांना दाखवते.

बी-५०४ काका: मी दोन तारखेलाच पाहिला. गांधी जयंतीला असला सिनेमा लावतात, धन्य आहे. माणूस खुनावर खून करतो आणि आपण त्याची कीव करायची? शेवटी तो गाडीच्या बॉनेटवर नाचतो तेव्हा थेटरात शिट्ट्या पडल्या.

ए-२०३: काका, शिट्ट्या सिनेमाने नाही मारल्या.

बी-५०४ काका: मारायला लावल्या ना! ट्रेनमधली ती तीन सुटाबुटातली पोरं आधी त्याला बडवतात, म्हणून पहिल्या दोघांचं एक वेळ समजू. तिसरा जखमी होऊन पळतोय, हा प्लॅटफॉर्मवर पाठलाग करून मारतो. आयुष्य कोर्टात गेलं माझं, याला स्वसंरक्षण म्हणत नाहीत.

डी-६०२: काका, मुद्दा एकदम बरोबर. पण ते तसं मुद्दाम दाखवलंय असं मला वाटतं. बाकी नवीन फार काही नाही. रॉबर्ट डी निरोचा १९७६ चा ‘टॅक्सी ड्रायव्हर’ पाहिलेल्यांना कळेल माल कुठून आणलाय. आणि इथे डी निरोलाच टीव्ही होस्ट करून बसवलंय, म्हणजे चोरी पण मालकाच्या देखत. व्हेनिस महोत्सवात गोल्डन लायन, म्हणजे तिथलं सर्वोच्च बक्षीस, मिळालं गेल्या महिन्यात, ते मला जरा जास्तच वाटलं.

ए-७०१ (न्यू जर्सी): नमस्कार मंडळी. इथे वातावरण तंग आहे. काही थिएटरांनी मुखवटे आणि रंगवलेले चेहरे बंद केलेत, पोलीसही उभे असतात. २०१२ मध्ये कोलोरॅडोत ऑरोरा गावी बॅटमॅनच्याच शोमध्ये एकाने गोळीबार केला होता, १२ माणसं गेली. त्यांच्यातल्या काहींच्या घरच्यांनी आता निर्मात्या कंपनीला पत्र लिहिलंय. त्या थिएटरात ‘जोकर’ लावलेलाच नाही.

सी-१०१ सेक्रेटरी: आपला सप्टेंबरचा मेंटेनन्स बाकी आहे.

ए-७०१ (न्यू जर्सी): आजच करतो.

डी-३०१ डॉक्टर ताई: हिंसेबद्दल काका बोललेच. मला खटकलं ते वेगळं. आवरता न येणारं हसू हा खरा त्रास आहे. डोक्याला मार लागल्यावर, स्ट्रोकनंतर होऊ शकतो. मनात दुःख असतं आणि तोंड हसत असतं. ते फीनिक्सने इतकं नेमकं केलंय की घशात आवंढा आला. पण पुढे औषधं बंद आणि खून सुरू, अशी सांगड घातली की पेशंटच्या घरच्यांना किती लपवाछपवी करावी लागते ते मी रोज बघते. मानसिक आजार असलेली बहुतेक माणसं कुणाला मारत नाहीत, उलट मार खातात.

ए-२०३: पण ताई, सरकारने निधी कापला म्हणून त्याचं समुपदेशन बंद होतं, हे दाखवलंय की. ती समुपदेशक बाई सरळ सांगते, त्यांना तुझी पर्वा नाही आणि माझीही नाही.

डी-३०१ डॉक्टर ताई: तो सिनेमातला सगळ्यात खरा सीन. दोन मिनिटांत उरकला, हीच तक्रार.

ए-२०३: एक विचारू? कात्रीच्या खुनानंतर त्याचा तो कमी उंचीचा सहकारी गॅरी पळायला बघतो आणि दाराच्या साखळीला त्याचा हात पुरत नाही. तुमच्या शोला लोक हसले?

बी-५०४ काका: हसले. शेजारचा तर खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

डी-६०२: आमच्याकडेही. दिग्दर्शक ‘हँगओव्हर’ या विनोदी सिनेमावाला आहे, हशा कुठे पेरायचा त्याला पक्कं ठाऊक.

ए-२०३: मग बघा ना. गॅरी जिवाच्या भीतीने थरथरतोय, सिनेमाभर आर्थरशी, म्हणजे जोकरशी, नीट वागलेला तो एकटाच, आणि आपण त्याच्या उंचीला हसतो. टीव्हीवर आर्थरची क्लिप लावून तो होस्ट आणि त्याचे प्रेक्षक हसतात, त्याहून आपण वेगळं काय केलं?

बी-५०४ काका: अगं, म्हणजे तिकीट काढून वर आम्हीच दोषी?

डी-३०१ डॉक्टर ताई: काका, ते हसू पुष्कळदा ताण सुटल्याचं असतं. आधी दोन मिनिटं श्वास रोखलेला असतो.

ए-२०३: ताण असता तर साखळी दिसायच्या आधीच सुटला असता, ताई. लोक बरोबर त्याचा हात पुरला नाही तेव्हा हसले.

डी-३०१ डॉक्टर ताई: हम्म. हे मान्य.

बी-४०२ वहिनी: शेवट सांगू नका कोणी, आम्ही दोघं बुधवारी जाणार आहोत.

बी-५०४ काका: मुलं आमच्याकडे सोडा.

सी-१०१ सेक्रेटरी: शेवट नाही सांगत. पण तो फ्रीज रिकामा करून आत जाऊन बसतो, तिथून पुढचं सगळं खरं की त्याच्या डोक्यातलं? त्या शेजारणीबरोबरचं प्रेम तर डोक्यातलंच निघालं.

डी-६०२: काका, तुम्हीसुद्धा?!

सी-१०१ सेक्रेटरी: पर्सनलवर सांगा.