गुलाबी बोंडअळीला बीटीची ‘सवय’ झाली का?

बीटी म्हणजे जिवाणूचे विष-जनुक घातलेला, स्वतःच अळीला मारणारा कापूस. गुलाबी बोंडअळी आता त्यावरही जगते. ‘बीटीचे विष खाऊन खाऊन अळीला सवय झाली’ असे त्यावर म्हटले जाते, ते पटत नाही. एकाही अळीला सवय लागत नाही. ज्यांना विष बाधते त्या मरतात. लाखोंत एखादी अळी जन्मतःच विष पचवणारी असते, ती आधीपासून असतेच. बाकीच्या मेल्या की पुढची पिढी तिचीच.

मग हे गुलाबी अळीतच का झाले आणि हिरव्या बोंडअळीत तेवढे का नाही? हिरवी अळी तुरीवर, हरभऱ्यावरही जगते. तिथे विष नाही, त्यामुळे साध्या अळ्या टिकतात आणि प्रतिकारक पतंगांशी त्यांचा संकर होत राहतो. गुलाबी मात्र जवळजवळ फक्त पऱ्हाटीवर (कापसाच्या झाडावर). तिच्यातल्या साध्या अळ्या टिकाव्यात म्हणून बीटीच्या ४५० ग्रॅमच्या पाकिटासोबत १२० ग्रॅम नॉन-बीटी बियाणे यायचे, कडेने लावायला. ते बहुतेकांनी लावलेच नाही.

आणखी एक गोष्ट सहसा कोणी काढत नाही. आपली बीटी संकरित आहे. संकरित झाडाच्या बोंडातल्या सरक्या एकसारख्या नसतात: बीटीतल्या दोन विष-जनुकांपैकी एकेक साधारण चौथ्या हिश्श्याच्या सरकीत उतरतच नाही. गुलाबी अळी नेमकी सरकीच खाते. म्हणजे एकाच बोंडात कुठे पूर्ण विष, कुठे अर्धे. अर्धवट प्रतिकाराच्या, एरवी मेल्या असत्या अशा अळ्याही यात तगतात. त्यात फरदड (मुख्य वेचणीनंतर पुन्हा कापूस घेण्यासाठी राखलेले पीक) मार्चपर्यंत ठेवली की त्यांना आणखी पिढ्या मिळतात. डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटाच.