१०० गिगावॅट अणुवीज : भारतासारख्या देशाला ती किती हवी आणि किती परवडेल?

प्रश्न : जिज्ञासू_प्राध्यापक

नमस्कार. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज क्षमतेचे लक्ष्य जाहीर केले आणि छोट्या अणुभट्ट्यांसाठी २०,००० कोटी रुपयांची तरतूद केली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संसदेने नवा अणुऊर्जा कायदा संमत करून हे क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले केले. आमच्या महाविद्यालयात या विषयावर परिसंवाद होणार असून त्याची टिपणे काढताना माझी पंचाईत झाली आहे. हाती लागणारे लेख एक तर डॉ. होमी भाभांपासून सुरू होऊन थोरियमच्या साठ्यांपाशी थांबतात, नाही तर चेर्नोबिलपासून सुरू होऊन फुकुशिमापाशी.

माझा प्रश्न मधल्या जागेतला आहे. आपल्याकडे दरडोई वीजवापर अजून वर्षाला १,४०० युनिटांच्या आसपास आहे, सुमारे तीन-चतुर्थांश वीज कोळशापासून तयार होते आणि कर्जाऊ पैसा महाग पडतो. दुसरीकडे सौर विजेचा दर डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या एका निविदेत १ रुपया ९९ पैशांपर्यंत उतरला होता. अशा परिस्थितीत अणुविजेवर पैसा घालणे शहाणपणाचे आहे का, आणि असल्यास कोणत्या मर्यादेपर्यंत? या क्षेत्रात काम केलेल्या सदस्यांनी कृपया आकडेवारीच्या आधारे मत द्यावे.

प्रतिसाद १ : भारप्रेषक

माझी नोकरी वीज पारेषणात गेली, त्यामुळे सुरुवात तिथूनच करतो. आपण सौर विजेचा जो दर दिला आहे, तो दुपारच्या युनिटाचा आहे. यंत्रणा चालवणाऱ्याला संध्याकाळी साडेसातचे युनिटही तितकेच लागते, आणि ते त्या दरात कोणी देत नाही. ३० मे २०२४ रोजी देशाची मागणी २५० गिगावॅटवर गेली. तो उच्चांक दुपारचा असल्यामुळे सौर विजेने त्यातला मोठा वाटा उचलला, परंतु त्याच आठवड्यात सूर्य मावळल्यानंतरही मागणी फारशी उतरत नव्हती आणि तो सगळा भार कोळशाच्या केंद्रांवर येत होता.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीपंपांचा रात्रीचा भार दिवसा आणण्याचे काम चालू आहे आणि माझ्या मते साठवणुकीवर एक रुपया न खर्चता साधलेली ती सर्वांत मोठी बचत आहे. मात्र जालन्याच्या पोलाद कारखान्यांच्या भट्ट्या किंवा मुंबई-पुण्यातली वातानुकूलन यंत्रे दिवसाकडे ढकलता येत नाहीत. पावसाळ्यात ढगांमुळे सौर वीज घटते, पण तेव्हा साताऱ्याच्या पठारावरचा आणि धुळ्याकडचा वारा मदतीला येतो. खरा पेच ऑक्टोबरचा असतो : वारा पडलेला, उकाडा वाढलेला, शेतीला पाणी देणे सुरू झालेले आणि खाणींतून पावसाने अडकलेला कोळसा पुरता न आलेला. ऑक्टोबर २०२१ मध्ये देशभर कोळशाची टंचाई झाली, ती आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल.

बॅटरीची साठवण आज प्रामुख्याने दोन ते चार तासांसाठी उभारली जाते. उदंचन प्रकल्पांत, म्हणजे स्वस्त विजेच्या वेळी पाणी वरच्या जलाशयात चढवून गरजेच्या वेळी खाली सोडण्याच्या पद्धतीत, हा अवधी वाढतो. आपल्याकडे घाटघरला २५० मेगावॅटचा असा प्रकल्प चालू आहे आणि सह्याद्रीत अशा आणखी जागा आहेत. तरीही आठवडाभर चालणारी तूट यातून भरून निघत नाही. ती भरून काढणारा आणि धूर न सोडणारा स्रोत म्हणून अणुविजेला स्थान आहे. कैगा येथील पहिल्या अणुभट्टीने २०१८ मध्ये सलग ९६२ दिवस चालण्याचा विक्रम केला होता.

याच गुणाची दुसरी बाजू नमूद करणे आवश्यक आहे. अणुभट्टी सपाट, म्हणजे दिवसरात्र एकाच भाराने, चालते, आणि खर्चाचा मोठा भाग भांडवली असल्यामुळे ती कमी भाराने चालवणे मालकाला परवडत नाही. सौर क्षमता जसजशी वाढेल, तसतसे दुपारी कोणाला थांबवायचे हा वाद सुरू होईल. त्यामुळे अणुविजेचे काम रात्रीच्या किमान मागणीतला कोळशाचा वाटा हळूहळू कमी करणे एवढेच आहे, असे मी मानतो. सगळा देश तिच्यावर चालवण्याची भाषा मला मान्य नाही.

प्रतिसाद २ : हिशेबनीस

भारप्रेषक यांच्या विवेचनात कालावधीचा आणि व्याजाचा विचार आलेला नाही, आणि माझ्या दृष्टीने सगळा निर्णय तिथे फिरतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ मध्ये सुरू झाल्या. तेव्हापासून २०२५ पर्यंत, म्हणजे ५६ वर्षांत, आपण ८,८८० मेगावॅटपर्यंत पोहोचलो आणि एकूण विजेत अणुविजेचा वाटा ३ टक्क्यांच्या आसपास आहे. लक्ष्य गाठायचे तर पुढील २२ वर्षांत सुमारे ९१ गिगावॅट उभे करावे लागतील. ७०० मेगावॅटच्या स्वदेशी अणुभट्ट्यांच्या हिशेबात हे प्रमाण दरवर्षी जवळजवळ सहा अणुभट्ट्या पूर्ण करण्याचे आहे. काक्रापारची तिसरी अणुभट्टी ही याच बनावटीची पहिली. तिचे बांधकाम नोव्हेंबर २०१० मध्ये सुरू झाले आणि व्यावसायिक निर्मिती जून २०२३ मध्ये. कल्पाक्कमच्या ५०० मेगावॅटच्या शीघ्र प्रजनक, म्हणजे जळते त्याहून अधिक इंधन तयार करणाऱ्या, अणुभट्टीचे काम २००४ मध्ये सुरू झाले आणि तिचा गाभा भरण्यास सुरुवात व्हायला मार्च २०२४ उजाडला.

विलंबाची किंमत साध्या गणिताने पाहता येते. १०० रुपयांचे काम सहा वर्षांत समान हप्त्यांनी झाले आणि व्याजदर ९ टक्के धरला, तर प्रकल्प सुरू होताना अंगावर सुमारे १३० रुपये असतात. तेच काम बारा वर्षे रेंगाळले तर १७५ होतात. भट्टी तीच, वीजही तेवढीच, आणि ग्राहकावर मात्र मूळ १०० रुपयांमागे ४५ रुपयांचा जास्तीचा बोजा. भांडवल स्वस्त असलेला देश हा बोजा सोसू शकतो. आपल्याला तो जड जातो. सौर प्रकल्पाची गोष्ट वेगळी आहे : तो दीड-दोन वर्षांत उभा राहतो आणि फसला तरी एका जिल्ह्यापुरता फसतो.

२०१७ मध्ये सरकारने अशा दहा स्वदेशी अणुभट्ट्या एकत्रित मंजूर केल्या. एकूण ७,००० मेगावॅट आणि अंदाजित खर्च १,०५,००० कोटी, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी रुपये. ती किंमत गृहीत धरली तरी ९१ गिगावॅटला साडेतेरा लाख कोटींहून अधिक रक्कम लागते. तरीही एकाच बनावटीची मालिका उभारण्याची ही दिशा मला योग्य वाटते. संयुक्त अरब अमिरातीने बराका येथे कोरियन बनावटीच्या चार अणुभट्ट्यांचे काम २०१२ मध्ये सुरू केले आणि २०२४ पर्यंत चारही चालू झाल्या. त्यांच्याकडे पैसा होता हे खरे, परंतु एकच नकाशा आणि तेच कारागीर चार वेळा वापरण्याचा लाभही त्यांना झाला. याउलट फ्रान्समधील फ्लामांव्हिलच्या नव्या बनावटीच्या अणुभट्टीचे बांधकाम २००७ मध्ये सुरू होऊन ती डिसेंबर २०२४ मध्ये वीजजाळ्याला जोडली गेली, आणि मूळ ३.३ अब्ज युरोंचा अंदाज १३ अब्जांच्या पुढे गेला. रत्नागिरी जिल्ह्यातल्या जैतापूरला याच बनावटीच्या सहा अणुभट्ट्या, एकूण ९,९०० मेगावॅटच्या, प्रस्तावित आहेत. फ्रान्सला स्वतःच्या घरात जे जमले नाही ते राजापूर तालुक्यात जमेल, असे मानण्यास मला आधार दिसत नाही.

प्रतिसाद ३ : सडा_आणि_खाडी

जैतापूरचा उल्लेख झाला म्हणून लिहितो; मी त्याच पट्ट्यातला आहे. आपल्या चर्चेत आमचा भाग 'प्रस्तावित' या शब्दापुरता येतो, तर आमच्याकडे ९३० हेक्टरांहून अधिक जमीन संपादित होऊन बरीच वर्षे उलटली आहेत. माडबन, मिठगवाणे, करेल आणि निवेली परिसरातील ज्या सड्याला, म्हणजे कातळाच्या पठाराला, कागदोपत्री ओसाड म्हटले गेले, त्यावर गुरांचे गवत, नाचणी आणि काजूची झाडे होती. ज्यांची जमीन गेली त्यांना उशिरा का होईना वाढीव मोबदल्याचा प्रस्ताव आला. साखरी-नाट्याच्या मच्छीमाराच्या नावावर सातबारा नसतो, त्यामुळे त्याचे काय जाणार हे कोणत्याच रकान्यात बसले नाही. अणुभट्ट्या थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी आत घेऊन ते काही अंश गरम करून परत सोडले जाणार, आणि मासळी त्या पाण्यापासून दूर जाईल ही त्याची भीती आहे. एप्रिल २०११ मध्ये नाट्याला झालेल्या गोळीबारात एक माणूस मृत्युमुखी पडला. त्यानंतर याच तालुक्यात नाणारची आणि पुढे बारसूची रिफायनरी येऊ घातली, म्हणून आमच्याकडे 'विकास' म्हटले की लोक आधी पोलीस किती येणार ते विचारतात.

मी अणुविजेच्या तत्त्वतः विरोधात नाही. माझा आक्षेप तपासणी कोण करते यावर आहे. अणुऊर्जा नियामक मंडळ १९८३ मध्ये सरकारी आदेशाने स्थापन झाले आणि ज्या अणुऊर्जा आयोगाला ते उत्तरदायी होते, त्याच व्यवस्थेतल्या केंद्रांवर त्याने देखरेख करायची होती. नियंत्रक व महालेखापालांनी २०१२ मध्ये या रचनेवर बोट ठेवले होते. स्वतंत्र प्राधिकरणाचे २०११ चे विधेयक तसेच बारगळले. नव्या कायद्याने मंडळाला वैधानिक दर्जा दिला, हे चांगले झाले. पण त्याच कायद्यात, सदोष यंत्रसामग्री पुरवणाऱ्याकडून भरपाई वसूल करण्याची २०१० च्या कायद्यातील तरतूद गाळण्यात आली. भोपाळच्या अनुभवानंतर ती तरतूद आली होती. नव्या बनावटीची पहिली जोखीम जिथे येणार, तिथल्या माणसाला हा बदल कसा वाटेल याचा आपण विचार करावा.

तारापूरच्या विस्तारात अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली, आणि त्यांच्या पुनर्वसनाचे प्रकरण वर्षानुवर्षे न्यायालयात चालले. अणुवीज हवी असणाऱ्यांनी आधी त्या दोन गावांचे उरलेले देणे फेडले असते, तर आमच्याकडे येऊन बोलणे त्यांना सोपे गेले असते.

प्रतिसाद ४ : पद्माकाठ

इतर विकसनशील देशांचे दाखले हवे असतील तर दोन पाहावेत. बांगलादेशाने रूपपूर येथे १,२०० मेगावॅटच्या दोन रशियन अणुभट्ट्या घेतल्या. सुमारे साडेबारा अब्ज डॉलरच्या खर्चापैकी ९० टक्के रक्कम रशियाचे कर्ज आहे, आणि त्यामुळे इंधनापासून परतफेडीपर्यंत तो देश एकाच पुरवठादाराशी बांधला गेला. फिलिपीन्सने बातानचे केंद्र १९८० च्या दशकात बांधून पूर्ण केले, ते एक दिवसही चालवले नाही आणि कर्ज मात्र २००७ पर्यंत फेडले. भारताची स्थिती या दोघांपेक्षा पुष्कळ बरी आहे, कारण जड पाण्याच्या अणुभट्ट्या, म्हणजे वर आलेली ७०० मेगावॅटची स्वदेशी बनावट, आपल्याला पूर्णपणे स्वतः बांधता येतात. इंधनाच्या बाबतीत मात्र २००८ पूर्वी युरेनियम अपुरे पडल्यामुळे चालू अणुभट्ट्या जेमतेम अर्ध्या क्षमतेने चालवाव्या लागल्या होत्या, हे विसरू नये.

जिज्ञासू_प्राध्यापक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. एक उपप्रश्न : जुन्या कोळसा केंद्रांच्या जागी २२० मेगावॅटच्या छोट्या स्वदेशी अणुभट्ट्या उभारण्याची योजना चर्चेत आहे. त्यामुळे भूसंपादनाचा प्रश्न टळून वेगही वाढेल का?

भारप्रेषक

जमीन, वीजवाहिन्या आणि प्रशिक्षित कर्मचारी तयार मिळतात, त्यामुळे कल्पना चांगली आहे आणि २२० मेगावॅटची बनावट आपल्या हातात पूर्ण बसलेली आहे. हिशेबनीस यांनी मांडलेली वेगाची अडचण पाहता २०४७ पर्यंत ४० गिगावॅट झाले तरी मी ते मोठे यश समजेन, आणि त्यातला काही भाग या मार्गाने यावा असे मला वाटते. परंतु आपल्याकडे जागा निवडताना जमिनीच्या आधी पाणी पाहावे लागेल. तेवढ्याच विजेसाठी अणुकेंद्राला कोळसा केंद्रापेक्षा थंडाव्याचे पाणी अधिक लागते आणि भट्टी बंद केल्यावरही ते काही काळ चालू ठेवावेच लागते. परळीचे औष्णिक केंद्र २०१५ मध्ये पाणी नसल्यामुळे बंद ठेवावे लागले होते. तिथे कोळशाऐवजी युरेनियम आणून तो प्रश्न सुटत नाही. चंद्रपूरला इरईचे पाणी आहे, पण मे महिन्यात शहर आणि केंद्र दोघांनाही ते हवे असते. परिसंवादासाठी विद्यार्थ्यांना एखादे काम द्यायचे असेल, तर महाराष्ट्रातल्या प्रत्येक जुन्या केंद्राच्या जलाशयात गेल्या दहा वर्षांत मे-अखेर किती साठा उरला, त्याची नोंद जलसंपदा विभागाकडून मिळवण्यास सांगावे. त्या यादीतून किती जागा उरतात ते पाहिल्यानंतरच पुढचे बोलता येईल.