मदत हवी आहे: रिमोटच्या बोटींच्या लायपो बॅटऱ्या पावसाळाभर घरात कुठे ठेवायच्या? (सांगली, गावभाग)

वाड्यातला

नमस्कार मंडळी,

घर गावभागात, जुना वाडा. मी आणि पुतण्या रिमोटच्या बोटी चालवतो. कृष्णा चढायला लागली की बोटी बंद, ते थेट दसऱ्यापर्यंत. बोटींचं काही नाही, पुसून टांगल्या की झालं. प्रश्न लायपो, म्हणजे लिथियम-पॉलिमर, बॅटऱ्यांचा आहे. माझे थ्री-एस (एकापुढे एक जोडलेले तीन सेल), ५००० एमएएच क्षमतेचे चार पॅक, पुतण्याचे टू-एसचे (दोन सेल) दोन.

अडचण जागेची. खाली ठेवावं तर पुराची धास्ती. २०१९ला खालच्या खोल्यांत पाणी होतं, २०२१लाही आलं. पावसाळ्याआधी किमती वस्तू माडीवर न्यायच्या, हा घरचा नियमच आहे. पण माडी म्हणजे सागवानी तुळया, लाकडी तक्तपोशी आणि वर पत्रा. सध्या पॅक तिथल्या फडताळात आहेत आणि खालच्या खणात आईच्या पैठण्या. वरच्या खणात नेमकं काय ठेवलंय ते आईला माहीत नाही, तोवर घरात शांतता आहे.

ज्या दुकानातून पॅक घेतले तिथे सांगितलं, "फुल चार्ज करून ठेवा, नाहीतर मरतील." पुतण्या म्हणतो फ्रिजमध्ये ठेवू. वडिलांची एक लोखंडी ट्रंक रिकामी आहे, ती चालेल का?

शिवाय दोन पॅकची लक्षणं बरी दिसत नाहीत. एकाचे सेल ३.८१, ३.८० आणि ३.५२ व्होल्ट दाखवतात. हा माझाच, पण पुतण्याच्या हातात असतो आणि तो बझर (व्होल्टेज उतरलं की वाजणारा गजर) कधी काढत नाही. दुसरा थोडा फुगलाय. पुरीसारखा टम्म नाही, पण वरचं प्लास्टिकचं आवरण ताणलंय आणि दाबलं तर मऊ लागतं. फेकून द्यायचा तर कुठे?

घाटावरचा

दुकानदाराचं ते "भरून ठेवा" आधी डोक्यातून काढा. तो नियम इन्व्हर्टरच्या आणि ट्रॅक्टरच्या बॅटरीचा. ती शिशाची असते, तिला भरून ठेवलेलंच मानवतं. लायपोचं उलटं. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टला असतो आणि तसाच पडून राहिला की आतल्या इलेक्ट्रोलाइटचं हळूहळू विघटन होतं, गॅस धरतो, पॅक फुगतो. वरून उष्णता मिळाली की हेच सगळं झपाट्याने होतं. भरलेला पॅक आणि पत्र्याखालचा मे महिना, याहून वाईट जोडी नाही.

पार उतरवून ठेवणंही तितकंच वाईट. सेल ३ व्होल्टच्या खाली गेला की आत बिघाड होतो आणि नंतर तो चार्ज करताना पेटू शकतो. म्हणून मधला मुक्काम: सेलला ३.८ ते ३.८५. तुमच्या थ्री-एसला एकूण ११.४ ते ११.५५ आणि टू-एसला ७.६ ते ७.७. बॅलन्स चार्जरवर (सगळे सेल सारखे भरणारा चार्जर) 'स्टोरेज' मोड असतो, तो नेमकं हेच करतो. कमी असेल तर भरतो, जास्त असेल तर उतरवतो. पावसाळ्यात महिन्यातून एकदा मीटर लावून बघा, बस.

फ्रिज नको. बाहेर काढल्या काढल्या पॅकला घाम सुटतो आणि ओल कनेक्टरमध्ये जाते. जुलैच्या आपल्या हवेत तर विचारूच नका.

सोल्डरताई

३.५२चं कोडं तुम्हीच सोडवलंय: बझर. स्वस्तातले बरेचसे बझर स्वतःला लागणारी वीज एक-दोन सेलमधूनच ओढतात. बॅलन्सच्या पांढऱ्या प्लगला तो लावून ठेवला की बाकीचे सेल जागच्या जागी आणि तो एक बिचारा खाली खाली. बोट नदीत असताना बझर हवाच. कृष्णेत मधोमध बोट बंद पडली तर मगरींच्या भीतीने आणायला कोण उतरणार? पण काठावर आलात की पहिलं काम म्हणजे बझर आणि पॅक दोन्ही काढणं. स्विच बंद असला तरी पॅक ईएससीला (मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट) जोडलेला ठेवू नका, थेंब थेंब उतरत राहतो.

३.५२ म्हणजे मेला नाही. एक अँपिअरला बॅलन्स चार्ज करा, जवळ बसून. स्टोरेजला आणून आठवडाभर काहीही न जोडता ठेवा. तोच सेल पुन्हा एकटा खाली आला तर पॅक निवृत्त.

फुगलेला मात्र आजच बाजूला काढा. अंगठ्याने दाबणं बंद. टाचणीने गॅस काढायचा सल्ला कोणी दिला तर त्याचं अजिबात ऐकू नका, आत हवा आणि दमटपणा शिरला की तिथेच पेट घेतो. आणि तो पुन्हा चार्ज करायचा नाही. गाडीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब पॅकच्या मुख्य वायरींना लावा, अंगणात, विटांवर. बल्ब विझला तरी तसाच राहू द्या, पार शून्याला जाऊ दे. मिठाच्या पाण्यात बुडवायची पद्धत ऐकली असेल, ती नको. वायरींची टोकं गंजून तुटतात आणि आत चार्ज तसाच राहतो.

मग भंगारवाल्याला किंवा घंटागाडीत द्यायचा नाही. २०२२च्या बॅटरी कचरा नियमांनुसार जुनी बॅटरी वेगळी ठेवून गोळा करणाऱ्याकडे देणं आपलं काम, आणि ती परत घेण्याची व्यवस्था उभी करणं उत्पादक-आयातदारांचं. जिथून घेतलीत तिथेच आधी विचारा.

जुना मिरजकर

ट्रंक उत्तम आहे भावा, पण कुलूप घालून घट्ट बंद करायची नाही. पॅक पेटला तर गॅस प्रचंड होतो. त्याला वाट नसेल तर पेटीचाच बॉम्ब. कडेला रबर असेल तर काढून टाक, कडी मोकळी ठेव.

दुसरं, आतून नुसता लोखंडी पत्रा नको. पॅकची उघडी टोकं पत्र्याला लागली की शॉर्ट. तळाला आणि बाजूंना जिप्समचे किंवा सिमेंट शीटचे तुकडे लाव. प्रत्येक पॅक वेगळ्या लायपो बॅगेत (आग सोसणारी पिशवी), कनेक्टरला टोपी. नुसत्या बॅगेच्या भरवशावर राहू नको, ती ज्वाळा थोड्या अडवते, धूर नाही. पॅकच्या वर साध्या प्लास्टिकच्या पिशवीत कोरडी वाळू ठेव. खाली आग लागली की पिशवी वितळते आणि वाळू आपोआप पडते. वाळू मे महिन्यातच उन्हात वाळवून भर, पावसाळ्यात नदीची वाळू कोरडी मिळणं कठीण.

जागेचं बघ. लाकडी तक्तपोशीवर काही झालं तरी नाही. वाड्याला मागे कुठे स्लॅब टाकलेला आहे का?

वाड्यातला

ताई, दादा, सगळ्यांचे आभार. मागच्या अंगाला न्हाणीघर आणि त्यावर टाकीसाठी आरसीसी स्लॅब आहे. जिना चढला की माडीच्या उंचीला काँक्रीटचा एक मोकळा टप्पा लागतो. तिथे तुळई नाही, पडदा नाही, वर थोडा पत्रा आहे पण दोन बाजूंनी वारा. २०१९चं पाणी तिथवर आलं नव्हतं. चालेल?

आणखी एक. स्टोरेज मोडला भरलेला पॅक लावला तर चार्जर रात्रभर चालूच. बिघडलाय का?

घाटावरचा

बिघडलेला नाही. छोटे चार्जर उतरवताना जेमतेम ५ वॅटने उतरवतात. बारा व्होल्टला ते अर्धा अँपिअरसुद्धा नाही. ५००० एमएएचमधले निम्मे काढायचे म्हणजे सहा तास सहज. चांगल्या पॅकलाही तोच २१ वॅटचा बल्ब लावा, दीड तासात काम होईल. फक्त बल्ब स्वतःहून थांबत नाही, मीटर लावून समोर बसायचं आणि ११.५ला काढायचा. त्याहून सोपं म्हणजे पॅक आदल्या रात्री भरायचेच नाहीत. नदीवर जायच्या दिवशी सकाळी भरायचे, एक-सीला म्हणजे तुमच्या पॅकला ५ अँपिअरने. पाऊस आला आणि बेत रद्द झाला तर त्याच दिवशी उतरवायचे.

बोट चालवून आल्यावर पॅक गरम असतो, बोटीच्या बंद पोटातून आलेला तर जास्तच. गार झाल्याशिवाय ना चार्जरला लावायचा ना ट्रंकेत घालायचा. बोट उलटून पाणी गेलं असेल तर गोड्या पाण्याने धुऊन, वाळवून, एक-दोन दिवस बाहेर विटांवर ठेवायचा.

जुना मिरजकर

टप्पा चालेल. खाली दोन शहाबादी टाक, ट्रंक भिंतीपासून हातभर लांब, उन्हाची तिरीप आणि पावसाचा सपकारा येणार नाही अशी. दारासमोर ठेवू नको, नाहीतर धूर झाला तर माडीवरची माणसं उतरणार कुठून? चार्जिंगही तिथेच कर, आत नाही.

पेटलाच तर धुरात थांबायचं नाही, त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं, फुफ्फुसाला घातक. आधी मेन स्विच बंद, माणसं बाहेर, १०१. लांबून पाणी मारता आलं तर भरपूर मार. या बॅटऱ्यांत लिथियमचा धातू नसतो, त्यामुळे पाण्याने भडकत नाहीत, गार होतात.

आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ४० फुटांकडे सरकायला लागली की पॅक बॅगेसकट उचलून घराबाहेर पडताना सोबत घ्या. स्टोरेजला असतील तर न्यायलाही भीती कमी.

सोल्डरताई

आणि पैठण्यांच्या वरचा खण आजच रिकामा करा. आईंना नंतर सांगितलं तरी चालेल.

वाड्यातला

खण रिकामा झाला. आईने विचारलं, ट्रंक का हलवताय. पुतण्याने सगळं सांगून टाकलं. आता चार्जरही माडीवर येणार नाही असा हुकूम आहे. टप्प्यावर प्लग पॉइंट नाही. एक्स्टेन्शन बोर्ड ओढला तर चालेल की वायरमन बोलवू?

घाटावरचा

वायरमन. उघड्या टप्प्यावर पावसाळ्यात एक्स्टेन्शन नको. झाकणाचा सॉकेट आणि त्या लाइनला ईएलसीबी (विजेची गळती झाली की लाइन तोडणारा स्विच) घालून घ्या.