रिओत 15.066 ला चौथा नंबर आणि ताश्कंदला 13.566 ला सुवर्ण, हे गणित कुणी सांगेल का?

जुना कंडक्टर, सातारा

नमस्कार मंडळी. मी एस.टी.त कंडक्टर होतो, आता निवृत्त. वेबिल जुळल्याशिवाय डेपो सोडला नाही कधी, त्यामुळे आकडा लागला नाही की अजून झोप येत नाही. खेळांचे निकाल वहीत उतरवायची सवय आहे.

14 ऑगस्ट 2016, रविवारची रात्र. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनाला जायचं होतं, तरी रिओ ऑलिंपिकची जिम्नॅस्टिक्समधली व्हॉल्ट फायनल बघत बसलो. व्हॉल्ट म्हणजे धावत येऊन टेबलावर हात टेकून मारायची उडी. वहीत लिहिलंय ते असं: अमेरिकेची बाइल्स 15.966, रशियाची पासेका 15.253, स्वित्झर्लंडची श्टाइनग्रुबर 15.216, आणि चौथी आपली दीपा कर्माकर 15.066. खाली पेन दाबून लिहिलंय, "0.150 ने पदक गेलं."

परवा नात ती वही चाळत होती. तिला पुढे 26 मे 2024 चं पान सापडलं. ताश्कंद, आशियाई अजिंक्यपद, दीपा कर्माकर, व्हॉल्ट, 13.566, सुवर्ण. नात म्हणाली, "आबा, दीड मार्क कमी मिळाले आणि सोनं? तुम्ही चुकीचं लिहिलंय." मी चुकीचं लिहीत नाही. पण उत्तरही देता आलं नाही. कुणी सांगेल का?

निखिल, डोंबिवली

काका, सोप्पं आहे. ऑलिंपिकला अख्खं जग येतं, आशियाईला फक्त आशिया. बाइल्स नाही, रशिया नाही. स्पर्धक कमी, म्हणून सोनं.

जुना कंडक्टर, सातारा

निखिलराव, त्याने नंबर बदलेल. मार्क कसे बदलतील? मार्क तर मुलीच्या उडीला देतात ना, शेजारी कोण उभं आहे ते बघून थोडेच देतात? दीपाची उडी 2016 ला 15 ची होती, ती 2024 ला 13 ची कशी झाली, हा माझा प्रश्न आहे.

मधुरा, ठाणे

काका, प्रश्न एकदम बरोबर जागी धरलात. मी शाळेत पी.टी. शिकवते, लहानपणी जिम्नॅस्टिक्स खेळले, आता जिल्ह्याच्या स्पर्धांना पंच म्हणून बसते. सविस्तर सांगते.

व्हॉल्टचा गुण दोन तुकड्यांचा असतो. पहिला डी, म्हणजे त्या उडीची ठरलेली किंमत. ती नियमांच्या पुस्तकात छापलेली असते. दुसरा ई. तो 10 पासून सुरू होतो आणि चुका वजा होत जातात. पाय वाकले, गुडघे सुटले, पाऊल पडलं, सगळ्याचे दर ठरलेले. दोन्हींची बेरीज म्हणजे एका उडीचा गुण. फायनलला दोन वेगळ्या उड्या माराव्या लागतात आणि त्यांची सरासरी धरतात.

आता तुमच्या भाषेत. डी म्हणजे भाडं. आणि हे भाड्याचं पुस्तक दर ऑलिंपिकनंतर नवं निघतं. तुमच्याकडे भाडेवाढ व्हायची, इथे व्हॉल्टला भाडेकपात झाली. सातारा ते स्वारगेट अंतर तेच, तिकीट मात्र स्वस्त. 2016 चं आणि 2024 चं तिकीट एकाच वेबिलात लावलंत तर जुळणार कसं?

पुरावा बाइल्सचाच घ्या. 'चेंग' नावाची एक उडी आहे, ती तिने रिओत मारली आणि 2024 ला पॅरिसमध्येही. रिओत 16.033, पॅरिसमध्ये 14.900. रिओत त्या उडीचा डी होता 6.4, पॅरिसमध्ये 5.6. एकूण फरक 1.133, त्यातले 0.8 नुसत्या पुस्तकाने खाल्ले. म्हणूनच रिओत 15.966 वर जिंकलेली बाई पॅरिसमध्ये 15.300 वर जिंकली, आणि पॅरिसला तर तिच्या दोन उड्यांत रिओत नसलेली, कितीतरी अवघड उडी होती! खालच्या दोघींचंही बघा: पॅरिसला रेबेका आंद्रादेला 14.966 वर रौप्य, जेड केरीला 14.466 वर कांस्य. रिओत 14.466 वाली फायनलच्या यादीत शेवटून पहिली आली असती.

पण सगळं खापर पुस्तकावर फोडू नका हं. दीपाही तीच राहिली नव्हती. रिओत तिची पहिली उडी दोन गिरक्यांची सुकाहारा (अर्धं वळून हात टेकायचे आणि मग मागे उलटायचं), डी 6.0, गुण 14.866. दुसरी प्रोदुनोव्हा, डी 7.0, गुण 15.266. काढा सरासरी, 15.066 च येईल. प्रोदुनोव्हा म्हणजे हातांवरून उसळी घेऊन पुढच्या बाजूला लागोपाठ दोन कोलांट्या. मागे उलटणाऱ्या उडीत खाली येताना जमीन दिसते. हिच्यात दिसत नाही, पाय टेकतात तेव्हाच कळतं कुठे आहोत ते. 2017 च्या पुस्तकात तिची किंमत 7.0 वरून 6.4 झाली. त्याच वर्षी दीपाच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया. 2018 ला तुर्कस्तानात मर्सिनला वर्ल्ड चॅलेंज कपचं सुवर्ण मिळवलं ते 14.150 वर, प्रोदुनोव्हा न मारता. मग उत्तेजक चाचणीवरून 21 महिन्यांची बंदी, ती जुलै 2023 ला संपली. ताश्कंदला ती तिशीत पोचलेली होती. आशियाई अजिंक्यपदात भारताचं ते पहिलंच सुवर्ण. दुसरी किम सोन-हयांग 13.466, तिसरी जो क्योंग-ब्योल 12.966, दोघी उत्तर कोरियाच्या.

निखिल, त्यामुळे तुझंही थोडं बरोबर आहे. पण काकांचा मुद्दा पक्का.

जुना कंडक्टर, सातारा

मधुराताई, भाड्याचं पुस्तक म्हणालात आणि डोक्यात उजेड पडला. नातीलाही वाचून दाखवलं.

रात्री बसून आणखी एक हिशोब केला. सरासरीत 0.150 कमी पडले, म्हणजे दोन उड्यांच्या बेरजेत 0.300. सरासरीची दुप्पट केली: श्टाइनग्रुबर 30.432, दीपा 30.132. मग हे 0.300 नेमकं असतं किती? म्हणजे जमिनीवर बघायला गेलं तर?

मधुरा, ठाणे

काका, एक मोठं पाऊल.

लहान पाऊल किंवा छोटीशी उडी पडली तर 0.1, खांद्यांच्या रुंदीपेक्षा मोठं पाऊल पडलं तर 0.3, पूर्ण पडलात तर 1.0. दोन उड्यांत मिळून तेवढ्या एका चुकीचं अंतर होतं. प्रोदुनोव्हावर उतरताना ती किती खोल बसली ते तुम्हालाही आठवत असेल, त्या उडीला ई फक्त 8.266 मिळाला. सुकाहाराला 8.866. मी तेव्हा टीव्हीसमोर मोठ्यांदा ओरडले होते, नवरा धावत आला, त्याला वाटलं गॅसवर काही झालं.

आणि तुमच्या वहीत ताश्कंदच्या पानावर आणखी एक नाव घाला. ओक्साना चुसोविटिना, उझबेकिस्तानची. रिओच्या त्याच फायनलमध्ये ती 41 वर्षांची होती, तिनेही प्रोदुनोव्हाच मारली, उतरली आणि तोल जाऊन पुढे गडगडली. सातवी आली, 14.833. आठ ऑलिंपिक खेळलेली बाई. 2024 ला आपल्याच ताश्कंदमध्ये खेळून नववं गाठायचा तिचा बेत होता, पण दुखापतीने माघार घ्यावी लागली.

निखिल, डोंबिवली

ओके मधुराताई, शिकलो. मग एक सांगा, आशियात सोनं मिळालं तर दीपाला पॅरिसचं तिकीट का नाही मिळालं?

मधुरा, ठाणे

कारण तिथलं तिकीट चारही साधनांच्या एकूण गुणांवर होतं: व्हॉल्ट, बार्स, बीम, फ्लोअर. त्यात दीपा 46.166 वर सोळावी. सोन्याच्या दोनच दिवस आधी पॅरिसचं दार बंद झालेलं होतं. ऑक्टोबर 2024 मध्ये तिने निवृत्ती जाहीर केली.

श्रद्धाची आई, पुणे

मध्येच बोलते, माफ करा. माझी अकरा वर्षांची मुलगी जिम्नॅस्टिक्सला जाते. एका स्पर्धेत तिच्या गुणपत्रिकेवर बेरीजच चुकलेली होती, आम्ही घरी आल्यावर कळलं. तोवर पदकं वाटून झालेली. तेव्हापासून मी वहीच घेऊन जाते, आजोबांसारखी. तिला प्रोदुनोव्हा शिकायचीय! सर म्हणाले, आधी नीट हँडस्प्रिंग मार, म्हणजे हातांवरून पुढे उलटायची साधी उडी.

मधुरा, ठाणे

सरांचं ऐका. दीपा जगाला दिसली ती प्रोदुनोव्हामुळे, पण त्याआधी आगरताळ्यात बिश्वेश्वर नंदी सरांकडे कित्येक वर्षं गेली होती. स्कूटरचे जुने सुटे भाग जोडून केलेल्या साधनावर सुरुवात झाली तिची. पायांचे तळवे सपाट होते, ते आधी सुधारावे लागले.

काका, वहीसाठी अजून एक. जून 2025, दक्षिण कोरियातलं जेचन, आशियाई अजिंक्यपद, आपली प्रणती नायक, व्हॉल्टला कांस्य. गुण किती? 13.466. ताश्कंदला किम सोन-हयांगने ह्याच 13.466 वर रौप्य घेतलं होतं. आणि 2025 पासून पुस्तक परत नवं.

जुना कंडक्टर, सातारा

लिहिलं. नातीने वहीत आता पट्टीने एक नवा रकाना आखलाय, वर लिहिलंय "भाडं". प्रोदुनोव्हासमोर 2016 ला 7.0, 2017 ला 6.4 असं भरलं. चेंगसमोर 6.4 आणि 5.6. दोन गिरक्यांच्या सुकाहारासमोर 6.0 लिहून पुढची जागा मोकळी ठेवलीय आणि दर दहा मिनिटांनी विचारतेय. ताई, सवड झाली की तेवढं सांगा.

मधुरा, ठाणे

सांगते काका. आत्ता मैदानावर आहे, पोरांचा वॉर्मअप चाललाय. पुस्तक घरी कपाटात आहे. रात्री बघून लिहिते.