गाडी लागणाऱ्या माणसानं ‘टाइम ट्रॅव्हलर’मध्ये बसावं का?

बेंटनव्हिलकर: नमस्कार मंडळी. येत्या शनिवारी आम्ही सगळे मिसुरीतल्या ब्रॅन्सनला, सिल्व्हर डॉलर सिटी या करमणूक उद्यानात जातोय. साताऱ्याहून आई आलीय, तीही सोबत आहे. लेक अकरा वर्षांची. तिथल्या ‘टाइम ट्रॅव्हलर’ या रोलर कोस्टरला 51 इंच उंची लागते म्हणून तिनं दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं खूण करून माझ्याकडून मोजून घेतलीय. उंची भरते. पण तिची अट एकच, बाबानं शेजारी बसायचं.

मला गाडी लागते. लहानपणी मेढ्यावरून महाबळेश्वरला जाताना एसटीत खिडकीची जागा न मागता मिळायची, यावरून समजा. साध्या रोलर कोस्टरला मी भीत नाही, पण हा डबा रुळावर धावता धावता स्वतःभोवतीही फिरतो म्हणे. ‘मजा येते’ एवढंच नको. आत बसल्यावर नेमकं काय होतं ते कुणी सांगेल का?

वाईची_लेक: दादा, बसा. मलाही पसरणीचा घाट लागायचा, आजही मोटारीत मागे बसले की मळमळतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

सगळ्यात आधी हे डोक्यात ठेवा की इथे सुरुवातीचा चढ नाही. बाकीच्या ठिकाणी साखळी कटकट करत वर नेते, तेवढ्यात माणूस मनाची तयारी करतो. इथे फलाटच उंचावर आहे. गाडी निघते, थोडी सरकते, तुमचा डबा आळसावल्यासारखा वळायला लागतो आणि पुढे दहा मजल्यांचा सरळ 90 अंशांचा कडा. त्या क्षणी तुमचं तोंड कुठे असेल ते आधी सांगता येत नाही. मी पाठमोरी होते. समोर सुटलेला फलाट आणि वर आभाळ दिसत होतं, आणि खालून जमीन गेली. पोटात गोळा आला तो तिथे. चक्कर मात्र आली नाही.

कारण गिरकी गरगर नसते. मॅक राइड्स या जर्मन कंपनीनं 2018 साली ही राइड उभारली, तेव्हा फिरण्यावर चुंबकांचा लगाम ठेवला. चुंबकाजवळून धातू जोरात सरकला की त्याला रोध होतो, आणि वेग जितका जास्त तितका रोधही जास्त. त्यामुळे डबा डौलात वळतो, भणाणत नाही. मला ही कल्पना फार आवडते. यंत्र बनवणाऱ्यानं बसणाऱ्याच्या पोटाचा विचार केलाय.

आता डोळ्यांचं. फुगडी घालताना आपण समोरचीच्या तोंडाकडे बघत राहतो, म्हणून टिकतो. इथे तो आधार नाही. एका डब्यात चौघं, दोन-दोन, पाठीला पाठ लावून. समोर नुसते रूळ आणि ओझार्कच्या टेकड्यांवरची झाडी. मी दूरच्या झाडांच्या शेंड्यांवर नजर ठेवली. ते सुटले की पुढचे. डोळे मिटू नका! मिटले की कान एक सांगतो, पोट दुसरंच, आणि मळमळ तिथून सुरू होते. डोकं पाठीमागे टेकवून ठेवा.

खांद्यावर काही नसतं, फक्त मांडीवर दांडा. म्हणून 95 फुटी उभ्या चक्रात वर जाताना डबा आडवा झाला की एकाच कुशीवर दाब येतो, आणि वर कुठलं, खाली कुठलं हे क्षणभर कळत नाही. पुढे एका पिळात अंग आसनावरून अलगद सुटतं. डोकं खाली होण्याच्या अशा तीन जागा आहेत. सगळं मिळून दोनएक मिनिटं.

उतरल्यावर जग थोडा वेळ फिरतच राहतं, कानातला द्रव अजून थांबलेला नसतो. बाकावर बसा, बुटाची नाडी बांधायला वाकू नका.

कान_नाक_घसा: ताईंशी सहमत, पण एक फरक ध्यानात घ्या. गाडी लागणं वेगळं आणि कूस बदलताच घर फिरणं वेगळं. दुसऱ्या प्रकारात कानातले बारीक खडे जागचे हललेले असतात. तसा त्रास कधी झाला असेल, किंवा मान-पाठ, हृदय, रक्तदाबाचं काही असेल, तर बसू नका, लेक रुसली तरी. अ‍ॅव्होमिन घ्यायची तर डॉक्टरांना विचारून, आणि बसायच्या बरीच आधी. रांगेत गिळून उपयोग नाही. तिनं झोप येते, परतीची गाडी वहिनींना चालवू द्या. तुमची गोळी लेकीला देऊ नका.

कॅन्सस_काका: वजनाचं बघा. डब्यातलं वजन एका बाजूला झुकलं की वळणावर तो जास्त फिरतो. दोन मोठे, दोन लहान असाल तर मोठी माणसं डब्याच्या तिरक्या कोपऱ्यांत बसवायला सांगून बघा. ऐकतीलच असं नाही. आणि आईंना मार्व्हल केव्ह गुहेत नेऊ नका, शेकडो पायऱ्या आहेत. त्यापेक्षा तिथला दालचिनीचा पाव खाऊ घाला.

बेंटनव्हिलकर: सगळ्यांचे मनापासून आभार. खड्यांचा त्रास कधी झालेला नाही, रक्तदाबही ठीक आहे. म्हणजे बसतो. उपाशीपोटी जाऊ का?

वाईची_लेक: अजिबात नको, रिकाम्या पोटी जास्त मळमळतं. घरून निघताना एक पोळी किंवा सुकी भाकरी खा. चहा-दूध नको. खिशात आवळासुपारी असू द्या. आणि गेट उघडल्या उघडल्या तिकडेच जा, उन्हात रांगेत ताटकळलात तर त्रास तिथेच सुरू होईल.