मदत हवी आहे: लिमिटर असूनही हॉर्नचा डायफ्राम तिसऱ्यांदा गेला

कराडी_टॉप
नमस्कार मंडळी, अर्जंट आहे. महिन्याभरात टॉपच्या (वरच्या स्पीकर बॉक्सच्या) हॉर्नचा, म्हणजे बारीक आवाज काढणाऱ्या भोंग्याचा, डायफ्राम (आतला पातळ पडदा) तिसऱ्यांदा गेला. कधी डावीकडचा, कधी उजवीकडचा. लिमिटर (सिग्नल ठरलेल्या हद्दीवर अडवणारा) लावलाय, अँपचा क्लिपचा (ताकदीबाहेर गेल्याचा) दिवा पेटू देत नाही, पोरं पण जास्त ओढत नाहीत. शनिवारी हळद आहे, ॲडव्हान्स घेऊन बसलोय. कुठले डायफ्राम टिकतात तेवढंच सांगा.

सोल्डरकाका
तेवढंच सांगून पुढच्या महिन्यात चौथा जाईल. टॉप पॅसिव्ह (सगळ्याला एकच अँप) की बायअँप (हॉर्नला वेगळा अँप)? हॉर्न किती वॅट, किती ओहम? कट (ज्याच्या वरचा आवाजच हॉर्नला जातो) कुठे? आणि गेलेला डायफ्राम टाकला नसशील तर उघडून बघ. कॉइल (डायफ्रामला चिकटलेली तार) काळी पडून जळका वास येतोय की डायफ्रामचा पत्रा तडकलाय? जळली असेल तर पॉवर जास्त गेली, तडकला असेल तर कट खाली राहिलाय.

बेसबाज
अँप मोठा असणार. निम्म्या वॅटचा लावा, विषय संपला.

ढोलपार्टी
@बेसबाज, उलटं सांगताय राव. छोटा अँप क्लिप होतो, मग डीसी (एकाच दिशेचा करंट) निघतो आणि तोच हॉर्न खातो. अँप नेहमी स्पीकरच्या दुप्पट पाहिजे.

सोल्डरकाका
धडधाकट अँप क्लिप झाला म्हणून डीसी निघत नाही. वेव्ह वरून सपाट होते एवढंच. तेवढ्याच उंचीच्या चौकोनी वेव्हमध्ये साइनच्या दुप्पट पॉवर असते, कॉइल त्यानं तापते. दुप्पट अँप घ्यायला हरकत नाही, पण पुढचा लिमिटर मोजून लावला असेल तरच.

कराडी_टॉप
बायअँप आहे. कट १.६ किलोहर्ट्झ, कंपनीनं दिलेलाच. कॉइल काळी ठिक्कर. हॉर्न ८ ओहम, ३२० वॅट. आता कंपनी सांगा.

जनरेटरवाला
वरातीत गाडीवरचा जनरेटर लोड आला की १८० व्होल्टवर येतो. जुन्या ट्रान्सफॉर्मरवाल्या अँपची ताकद तिथंच पडते आणि तो लवकर क्लिप होतो. आधी जनरेटरवर मीटर लावा.

कराडी_टॉप
दोनदा हॉलमध्ये गेलाय, घरगुती लाईनवर. आणि क्लिपचा दिवा पेटत नाही हे वर लिहिलंय.

बेसबाज
बेसचे कोन फाटत असतील तर हायपास (फार खालचा आवाज कापणारा फिल्टर) लावा. पोर्टवाल्या बॉक्समध्ये ट्यूनिंगच्या खाली हवेचा आधार सुटतो आणि कोन मोकाट हलतो. माझे १८ इंची ४० हर्ट्झला ट्यून आहेत, ३८ ला २४ डीबीचा हायपास टाकल्यापासून एकही स्पायडर (कोन मध्यावर धरणारी जाळी) सुटला नाही.

कराडी_टॉप
बेसला काही झालेलं नाही भाऊ!!

हार्मोनियमवाला
आमच्या भजनी मंडळाला ८ चॅनेलचा मिक्सर घ्यायचाय, इको पाहिजे. साधारण किती बजेट धरावं?

सोल्डरकाका
३२० हा पीकचा (क्षणभर सोसायचा) आकडा दिसतोय. पत्रक नीट वाच, सतत सोसणारं साधारण त्याच्या चौथाई असतं.

कराडी_टॉप
हो, बारीक अक्षरात ८० लिहिलंय.

सोल्डरकाका
८० वॅट ८ ओहमला म्हणजे २५ व्होल्ट. लिमिटर किती डीबीयूवर (सिग्नलच्या व्होल्टेजचं माप)? त्याचा दिवा पेटतो का?

कराडी_टॉप
+४.२ वर. दोन वर्षांपूर्वी पुण्याच्या एका इंजिनिअरनं लावून दिला, तेव्हापासून हात लावलेला नाही. दिवा कधी पेटत नाही. म्हणजे लिमिटपर्यंत जातच नाही ना?

चाळकरी
दहाच्या पुढं वाजवत असाल तर डायफ्रामच्या आधी पोलीस येतील. रात्री १० ते सकाळी ६ बंद, नियम २००० सालापासून आहे.

ढोलपार्टी
सणासुदीला सरकार वर्षातले ठरावीक दिवस १२ पर्यंत देतं काका. पण हा धागा त्याचा नाही.

निनावी_डीएसपी
@कराडी_टॉप, दोन वर्षांत अँप बदललाय का?

कराडी_टॉप
हो, दिवाळीनंतर हायचा (हॉर्नचा) अँप नवीन घेतला. जुना हम करत होता. त्याचा काय संबंध? नवीन चांगला कडक आहे. उलट हॉर्न कानात जायला लागला म्हणून प्रोसेसरमध्ये (कट, लिमिटर लावायचं यंत्र) हायचं लेव्हल ६ डीबी खाली घेतलं.

निनावी_डीएसपी
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहायचं होतं. +४.२ डीबीयू म्हणजे १.२६ व्होल्ट. जुना अँप २६ डीबी गेनचा, म्हणजे आलेलं व्होल्टेज २० पट करणारा असणार: २५ व्होल्ट, हिशेब चोख. नवीन ३२ डीबीवर असेल तर ४० पट. तोच लिमिटर आता ५० व्होल्ट सोडतो. व्होल्टेज दुप्पट, पॉवर चौपट, ३०० च्या वर वॅट. लेव्हल कमी केलंत, पण बऱ्याच प्रोसेसरमध्ये लिमिटर लेव्हलच्या पुढं बसतो, त्यामुळे त्याचं छत होतं तिथंच राहिलं. गाणं ओढलं की मोकळं रान.

कराडी_टॉप
पण ३०० म्हणजे ३२० च्या आतच ना?

निनावी_डीएसपी
३२० हे ढोलाच्या एका थापेपुरतं. कॉइलला रात्रभर पोसायचंय, तिला ८० च.

ढोलपार्टी
अँपचे नॉब अर्ध्यावर ठेवायचे की! कशाला एवढी गणितं?

सोल्डरकाका
चालतं, नॉबला कोणी हात लावेपर्यंत. वरातीत नवरदेवाचा मित्र पहिला तिथंच जातो.

बेसबाज
एका चॅनेलला दोन हॉर्न आहेत का? मग ४ ओहम, आकडे बदलतील.

निनावी_डीएसपी
पॅरललमध्ये प्रत्येकाला व्होल्टेज तेवढंच मिळतं. लिमिटर तोच.
@कराडी_टॉप, अँपच्या मागं गेनचा स्विच असेल तर अँप बंद करून २६ वर घ्या आणि हायचं लेव्हल होतं तिथं आणा. स्विच नसेल तर लिमिटर −१.८ वर. आणि हॉर्नला सिरीजमध्ये २० मायक्रोफॅरडचा नॉनपोलर कपॅसिटर टाका, ८ ओहमला कट १ किलोहर्ट्झच्या आसपास येतो. कोणी केबल उपटली किंवा अँप बिघडून डीसी आलाच तर उपयोगी पडेल.

कराडी_टॉप
स्विच सापडला. ३२ वर होता. बॉक्समधून काढला तसाच लावला होता आम्ही.

हार्मोनियमवाला
माझं कोणी बघितलं का?

कराडी_टॉप
काल हळद झाली. चार तास वाजवलं, चारही हॉर्न शाबूत. लिमिटरचा दिवा दोन वर्षांत पहिल्यांदा लुकलुकताना बघितला. पोरगा घाबरून आवाज कमी करायला धावला, त्याला म्हटलं राहू दे.