लोकलमध्ये पाठीवर आईवरून शिवी छापलेला टी-शर्ट: त्याचा हक्क का आपल्याला ताप?

वाचणारीचा बाबा (ठाणे)

रविवारी लेकीला घेऊन नेरूळला आत्याकडे निघालो होतो. ठाण्याला नऊ नंबरवरून ट्रान्स हार्बर पकडली, गर्दी होती, बसायला मिळालं नाही. लेक पहिलीत आहे, मराठी शाळेत, आणि वाचता यायला लागल्यापासून जे दिसेल ते वाचते, दुकानाच्या पाट्या, रिक्षाच्या मागचं, डब्यातल्या जाहिराती, आणि सगळं मोठ्याने, अक्षर लावत लावत. मला त्याचं फार कौतुक आहे. तर ऐरोलीला एक मुलगा चढला, अठरा-एकोणीस वर्षांचा असेल, कानात इअरफोन, आणि आमच्याकडे पाठ करून उभा राहिला. काळा ओव्हरसाईज टी-शर्ट आणि पाठीवर वीतभर अक्षरात आईवरून शिवी. देवनागरीत, पूर्ण, फुल्या नाहीत काही नाहीत. आणि ती पाठ बरोबर माझ्या लेकीच्या नाकासमोर. तिने वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या अक्षराला माझ्या लक्षात आलं, मी तिला कडेवर उचललं आणि दाराकडे तोंड करून उभा राहिलो, तर ती म्हणे बाबा थांब ना, माझं अर्धंच वाचून झालंय. कोपरखैरणेपर्यंत तसाच उभा होतो.

मी शिव्या देत नाही असं नाही. मित्रांमध्ये सर्रास देतो. पोलीस बोलवा, कपडे फाडा असलं काही मला नकोय, असल्या लोकांची मला त्या टी-शर्टपेक्षा जास्त भीती वाटते. पण लोकलच्या डब्यात माणूस जाणार कुठे? माझं म्हणणं एवढंच की जिथे समोरच्याला बाजूला सरकायलाही जागा नाही तिथे असलं घालून येऊ नये. तुम्हाला काय वाटतं?

सेमिस्टर ६ (ऐरोली)

दादा तो मुलगा मी नव्हतो पण माझ्याकडे असे दोन टी-शर्ट आहेत, इंग्लिशमधले, आणि मी ते घालतो. एक सांगा, सकाळच्या गाडीत अंकल लोक धक्का लागला म्हणून एकमेकांच्या आईचा उद्धार करतात, पूर्ण डबा ऐकतो, तेव्हा कोणी पोस्ट टाकत नाही, रिक्षावाला, बाइकवाला, क्रिकेट खेळणारी पोरं, सगळीकडे तेच शब्द आहेत, तुमच्या लेकीने ते शंभर वेळा ऐकलेत फक्त वाचले पहिल्यांदा. मग कपड्यावर आले की एकदम संस्कार आठवतात. टी-शर्ट कोणाला उद्देशून नसतो, तो कोणाच्या अंगावर ओरडत नाही. मला तर रागाने तोंडावर दिलेली शिवी जास्त वाईट वाटते.

वाचणारीचा बाबा

ऐकले असतील, मान्य. पण तोंडातली शिवी हवेत विरते रे. ही दहा मिनिटं समोर उभी होती.

काळा कोट, ठाणे

कायद्याचं थोडं सांगतो, कारण अशा चर्चेत लगेच कोणीतरी "आत टाका" म्हणतं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९६ (१ जुलै २०२४ च्या आधी आयपीसी २९४ होतं) सार्वजनिक ठिकाणी अश्लील कृत्य किंवा अश्लील गाणं, शब्द म्हणण्याबद्दल आहे, आणि त्याने इतरांना त्रास व्हायला हवा. शिक्षा ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा १ हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आता छापलेले शब्द "म्हटले" होतात का, यावर दोन्ही बाजूंनी वाद घालता येईल. पण त्याहून मोठा मुद्दा असा की मार्च २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका वेब सिरीजच्या केसमध्ये साफ सांगितलं की शिवीगाळ म्हणजे आपोआप अश्लीलता नव्हे, असभ्य वाटू शकते, किळस येऊ शकते, पण अश्लील ठरायला त्यात कामवासना चाळवण्याचा भाग लागतो. त्यामुळे त्या पोराला आत टाकायचं म्हटलं तर केस कच्ची आहे.

अमेरिकेतली तर हुबेहूब केस आहे. १९६८ मध्ये कोहेन नावाचा १९ वर्षांचा मुलगा लॉस एंजेलिसच्या कोर्टात जॅकेट घालून गेला, त्यावर व्हिएतनाम युद्धाच्या सक्तीच्या भरतीला इंग्लिशमधली ती चार अक्षरी शिवी. ३० दिवसांची शिक्षा झाली. १९७१ मध्ये त्यांच्या सुप्रीम कोर्टाने ५ विरुद्ध ४ मतांनी ती रद्द केली. कोर्टाच्या त्या व्हरांड्यात बायका-मुलंही होती, तरी निकालात म्हटलं की ज्यांना नको त्यांनी नजर वळवावी.

सेमिस्टर ६

हेच तर म्हणतोय मी!! नजर वळवा.

वाचणारीचा बाबा

वकीलसाहेब धन्यवाद, पण दोन्ही उदाहरणं मला उलटी वाटतात. वेब सिरीज मी स्वतः लावतो, नको वाटली तर बंद करतो. आणि त्या कोहेनला सांगायचं काहीतरी होतं, मला सक्तीने लढायला पाठवू नका असं, सरकारशी त्याचं भांडण होतं. या पाठीवर भांडण कोणाशी होतं? आणि व्हरांड्यात नजर वळवता येते, आपल्या लोकलमध्ये मान वळवायला शेजारच्याची परवानगी लागते.

काळा कोट, ठाणे

त्या निकालात ज्या न्यायाधीशांचं मत विरोधात होतं त्यातल्या एकाने तुमच्यासारखंच लिहिलंय, की हा पोरकट चाळा आहे, यात मत वगैरे थोडंच आहे. पण सांगायचं काही आहे का नाही हे कोण ठरवणार? आज तुम्ही, उद्या स्टेशनवरचा हवालदार, परवा कोणतरी दांडकं घेतलेला. घसरण तिथे सुरू होते म्हणून मी तुमच्या विरोधात.

गाढवाच्या शोधात

थोडं वेगळं. आपण बोलतोय जसं काही हे आजच्या पोरांनी काढलंय. ठाणं ही शिलाहारांची राजधानी, श्रीस्थानक, आणि त्यांच्याच काळातले गधेगाळ आपल्या कोकणपट्टीत जागोजागी मिळतात. दगडावर राजाचं दानपत्र, आणि खाली जो कोणी हे मोडेल त्याच्या आईवर गाढव, असा शाप, चित्रासकट. परळला सापडलेल्या अपरादित्याच्या १२व्या शतकातल्या लेखात तर तो शाप स्वच्छ मराठीत कोरलाय, म्हणजे आपल्या भाषेच्या अगदी जुन्या लिखाणातही जाहीर शिवी आहे. शिमग्याला शिव्या, बोंबा चालतातच. साताऱ्याकडे सुखेड आणि बोरी गावच्या बायका नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी ओढ्याच्या दोन बाजूंना उभं राहून एकमेकींना शिव्या घालतात, बोरीचा बार म्हणतात त्याला, बघायला गर्दी लोटते. तेव्हा "आपली संस्कृती" हा मुद्दा कृपा करून कोणी काढू नका.

सानपाड्याची मावशी

संस्कृती मी काढतच नाही, पण तुमच्या गधेगाळातही बघा की भाऊ, दान मोडणारा पुरुष आणि गाढव कोणावर? त्याच्या आईवर. आठशे वर्षं झाली, हिशोब तोच. बोरीच्या बाराला दिवस ठरलाय, ओढा ठरलाय, दोन्हीकडच्या बायका स्वतःहून तयार होऊन येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं शांत. शिमगा पण पंचमीला संपतो. या टी-शर्टला ना दिवस ना ओढा.

मी बावीस वर्षं याच लाइनला अप-डाऊन केलं. लेडीज डब्यात जायच्या आधी जिन्यावर, पुलावर, स्टेशनबाहेर आमच्यावरून काय काय बोललं जातं ते माझ्या वयाच्या कुठल्याही बाईला विचारा. सेमिस्टर बाळा, तू म्हणतोस टी-शर्ट कोणाला उद्देशून नसतो. मला वाचताना तो मलाच उद्देशून वाटतो, कारण त्या शब्दात शरीर माझं आहे, तुझं नाही. तू वाईट मुलगा आहेस असं मी म्हणत नाहीये, पण रात्री दहाला रिकाम्या पुलावर तो टी-शर्ट घालून मागून कोणी येत असेल तर मी पाऊल उचलते. त्यात माझी काय चूक?

सेमिस्टर ६

मावशी हे मला खरंच कधी डोक्यात आलं नव्हतं. माझ्या दोन्हीवर आईबहीण नाहीये, नुसती इंग्लिश शिवी आहे, पण तुम्ही म्हणताय तो मुद्दा कळला.

हीट प्रेस

माझं कस्टम टी-शर्टचं काम आहे घणसोलीला. पूर्वी स्क्रीन प्रिंटिंगला एका डिझाइनची फ्रेम बनवायला लागायची त्यामुळे पाच-पन्नास पीस तरी काढायला लागायचे, म्हणजे शिवी छापायला पन्नास गिऱ्हाईकं पाहिजे. आता डीटीएफ आलं, फिल्मवर प्रिंट, पावडर, हीट प्रेस मारला की झालं, एक पीस पण निघतो. म्हणून हे वाढलंय, पोरं एकदम बिघडली म्हणून नाही. ऑर्डर येतात बॅचलर पार्टीच्या, गोव्याच्या ग्रुपच्या, आणि मी नुसती इंग्लिशमधली छापतो, आईबहिणीवरची कुठल्याच भाषेत नाही. एकाने विचारलं पण, दादा असं का, इंग्लिश चालते मराठी नाही? खरं सांगू का, मला त्याचं नीट उत्तर देता आलं नाही. इंग्लिश वाचून माझ्या आईला काही होत नाही आणि मराठी वाचून होईल, एवढंच.

घोडबंदरकर

हीट प्रेसदादा, तुमच्या आईला कळत नाही म्हणून चालते हेच मला खटकतं. माझे आजोबा, आता नाहीत, स्टेशनबाहेर एक्स्पोर्ट सरप्लसच्या ढिगातून शंभर रुपयाला घेतलेला टी-शर्ट दोन वर्षं घालून फिरले, देवळात, बँकेत, माझ्या मुंजीच्या फोटोतसुद्धा आहे. त्यावर इंग्लिशमध्ये काय होतं ते मी इथे लिहिणार नाही. घरात इंग्लिश वाचणारे होते, कोणी सांगितलं नाही, हसायचे. मी पण हसायचो, आठ-नऊ वर्षांचा होतो तेव्हा. नंतर कळलं की त्यांना कॉलनीत सगळे का हसतात ते त्यांना माहितीच नव्हतं, त्यांना वाटायचं लोक प्रेमाने हसतायत. आजही आपण जुने कपडे देतो ना, भांडीवाल्या ताईंना, वॉचमनला, त्याच्यावर काय लिहिलंय ते किती जण बघतात? शिवी हौसेने घालणाऱ्यापेक्षा न वाचता येणाऱ्याच्या अंगावर चढवलेली शिवी मला जास्त लागते.

सानपाड्याची मावशी

हे वाचून उठले आणि द्यायला काढलेल्या कपड्यांची पिशवी उघडून बघितली. नातवाचे दोन निघाले.

काळा कोट, ठाणे

माझं मत बदललेलं नाही, शिक्षा नकोच. पण मी इतका वेळ घालणाऱ्याच्या हक्काबद्दलच बोलत होतो. घोडबंदरकरांच्या आजोबांनी तर तो हक्क कधी वापरलाच नव्हता.

सेमिस्टर ६

बाबा दादा एक विचारू, गर्दीत आम्ही सॅक पुढे घेतो, त्यामुळे माझं पुढचं लिहिलेलं तसंही झाकलं जातं. त्याचं पाठीवर होतं म्हणून तुमचा घोळ झाला. तुम्ही त्याला बोलला का नाहीत? मला कोणी खांद्यावर हात ठेवून सांगितलं असतं की लहान मुलगी आहे मागे, तर मी सॅक मागे घेतली असती. शपथ.

वाचणारीचा बाबा

त्याच्या कानात इअरफोन होते, आणि खरं म्हणजे तो उलटून बोलेल आणि लेकीसमोर भांडण होईल असं वाटलं. तू म्हणतोस तसं करायला हवं होतं. पुढच्या वेळी हात ठेवेन.

लेकीने घरी आल्यावर विचारलंच, त्या दादाच्या पाठीवर पुढे काय होतं. मी सांगितलं, आईबद्दल वाईट लिहिलं होतं. ती म्हणाली, कोणाच्या आईबद्दल?

तिला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही.